ती डबी कुणाची

बारक्या हे नाव त्याला रांगत असताना पडलं आणि पुढे कुणी ते बदलायची तसदी घेतली नाही. आता तो पन्नाशीचा होता, मिशा पिकल्या होत्या, आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागायची. तरी काठी टेकत येणारी म्हातारी माणसं काउंटरवर "बारक्या आहे का?" असंच विचारायची, आणि गिऱ्हाईक नवखं असेल तर एखादं पोर बाहेर येईल म्हणून खाली बघत राहायचं.

औषधांचं दुकान त्याच्या थोरल्या बहिणीचं. त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी म्हणून ती त्याची ताई, आणि तो दिवसभर हाका मारायचा म्हणून मग सगळ्या रस्त्याचीच ताई. डॉक्टरांच्या अक्षराशी झटापट करायची, मात्रा तपासायची, एका औषधाचं दुसऱ्याशी वाकडं नाही ना ते बघायचं, हे ताईचं काम. बाकी सगळं बारक्याकडे. मुदत संपत आलेल्या पट्ट्या पुढे ओढणं, फ्रिजचं तापमान दोन वेळा वहीत लिहिणं, आणि दुपारी सायकलला पिशव्या अडकवून घरोघरी औषधं पोचवणं. कुणाच्या बोटांना बाटलीचं झाकण उघडत नाही, कुणाला गोळी अर्धी करून द्यावी लागते, कोण गोळी घेतली म्हणून सांगतं आणि उशीखाली सरकवतं, हे सगळं त्याला तोंडपाठ. वीस वर्षं हे असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

त्या वर्षी गांजाच्या कायद्याचा विषय निघाला. एकवीस वर्षांवरच्या माणसाला परवाना असलेल्या औषधांच्या दुकानातून ठरलेल्या मापात गांजा विकत घेता यावा, असा मसुदा सरकारनं तयार केला, आणि जो तो त्यावर बोलायला लागला. ताईच्या काउंटरवर तर रोज सभा भरायची. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारा बसचा ड्रायव्हर म्हणायचा, "दारू प्यालेल्याला पकडायला फुंकायचं यंत्र तरी आहे. हा ओढून स्टिअरिंगवर बसला तर कशानं पकडणार?" त्यावर शेजारचा न्हावी म्हणायचा, "आत्ता ओढत नाहीत होय? आत्ताही ओढतात. फक्त त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक." मग सगळे पांगले, की टायपिंगच्या बाई काउंटरवर वाकायच्या. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला होता. आता मज्जातंतूंच्या दुखण्यानं त्यांचे पाय असे आखडायचे, की पलंगावरून उतरताना अर्धा तास जायचा.

"ते विकायला आलं की मला आधी सांगशील?" त्या हळूच विचारायच्या. "पुतण्यानं एकदा आणून दिला होता गं. त्या आठवड्यात मी झोपले बघ."

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती शहरात येणार होती. औषधविक्रेत्यांच्या संघटनेनं ठरवलं, की आपल्या वतीनं ताईनं बोलावं. ताईला स्वतःला मसुदा पटलेला होता. चोरून मिळणाऱ्या मालाला ना माप, ना तपासणी. त्यापेक्षा तो कुलपात असावा, त्यावर चिठ्ठी असावी, आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याकडे एकदा नीट बघावं, एवढं साधं तिचं म्हणणं. तिनं चार पानांचं भाषण लिहिलं. मग रविवारी दुपारी, जेवणाचं टेबल पुसून, तिनं पूर्ण मसुदा वाचायला घेतला. तोवर तिनं फक्त त्याचा सारांश वाचला होता.

नवव्या कलमापाशी ती थांबली. या पदार्थाच्या गुन्ह्यात ज्याला पूर्वी शिक्षा झाली आहे, अशी कोणतीही व्यक्ती परवानाधारक दुकानात कोणत्याही कामावर असू नये, असं त्यात लिहिलं होतं. खाली शेरा होता, की संघटनेनं या कलमाला लेखी पाठिंबा दिलेला आहे.

बारक्याला शिक्षा झाली होती. एकतीस वर्षांपूर्वी, अठरा महिन्यांची.

तेव्हा ताई बावीस वर्षांची होती आणि औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. बारक्या एकोणीसचा, तंत्रशाळेत. दोघं भावंडं एका भाड्याच्या खोलीत राहायची. एके सकाळी पोलीस वरच्या मजल्यावरच्या एका भाडेकरूला शोधत आले. तो पळालेला होता, म्हणून त्यांनी सगळ्याच खोल्या उघडायला लावल्या. टेबलावर पुस्तकांमागे पत्र्याची एक डबी होती. फौजदारानं ती उघडली, हुंगली, आणि विचारलं, "कुणाची?" ताई मोरीत कप विसळत होती. तिच्या हातात कप तसाच राहिला. तेवढ्यात बारक्या म्हणाला, "माझी."

डबी ताईची होती. वर्गातल्या चौघीजणी अभ्यास संपला की गच्चीवर बसून ओढायच्या. त्यांच्यातली एक परीक्षेआधी घाबरून म्हणाली, माझ्याकडे नको, तू ठेव. बारक्याला सिगारेटच्या धुरानंसुद्धा ठसका लागायचा.

त्यानंतर बोलायला ताईला पुष्कळ संधी होत्या. चौकीत, कोर्टात, आई-वडील धावत आले तेव्हा. दर वेळी वाटायचं, आधी परीक्षा होऊ दे. मग निकाल लागू दे. मग औषधविक्रेती म्हणून नोंदणी होऊ दे. आणि मग बारक्या सुटूनच आला, आणि त्या गोष्टीवर दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही. त्याची तंत्रशाळा गेली ती गेलीच. दहाएक वर्षं त्यानं मिळेल ते काम केलं, मग ताईनं दुकान टाकलं आणि त्याला बोलावून घेतलं. लोक म्हणाले, बहीण असावी तर अशी.

त्या रविवारी संध्याकाळी ताईनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो जमिनीच्या मोजणीच्या खात्यात होता, घाईनं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

"लग्न ठरताना तू मला म्हणाली होतीस, भावाला वाईट संगत लागली होती म्हणून," तो म्हणाला.

"हो."

"मी विचारलंही नव्हतं. तू आपण होऊन सांगितलंस."

तो उठला, खिडकी लावली, पुन्हा येऊन बसला. "गप्प बसणं मी समजू शकतो," तो म्हणाला. "हे दुसरं समजायला मला जरा वेळ लागेल."

सोमवारी दुकान उघडल्यावर ती मागच्या खोलीत गेली. बारक्या खोकी फोडत होता.

"मसुदा वाचलास?" तिनं विचारलं.

"त्याच्या प्रती कुणी काढून आणल्या? मीच ना. नववं कलम म्हणतेस ना तू?" त्यानं फळीवरून एक वही काढून तिच्यापुढे धरली. "हे बघ, सगळं लिहून काढलंय. कुणाचं घर कुठे, कुणाची कोणती गोळी, कुणाला दारावर थाप मारायची आणि कुणाला मारायची नाही. माझ्या जागी कुणीही आला तरी अडणार नाही."

वहीत बारीक अक्षरात साठेक घरं होती. टायपिंगच्या बाईंच्या नावापुढे लिहिलं होतं, "दार उघडायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा बेल वाजवू नये. घाई करतात आणि पडतात."

"तू कुठे जाणार?" ताईनं विचारलं.

"बघू. मेडिकल कॉलेजच्या गोदामात माणूस हवाय म्हणतात."

"मी समितीपुढे त्या कलमाबद्दल बोलणार आहे."

बारक्यानं कटर खाली ठेवला. "ते कलम सोड. बाकीचं बोल. खरं सांगू का, विकायला माझी काही ना नाही. पण माझ्याबरोबर आत होते ना, त्यातले दोघं अजून आत-बाहेर करतायत, ह्याच पाल्यापायी. आधी असल्यांना सोडा म्हणावं, मग काउंटर लावा. बोलायचंच असेल तर हे बोल. माझं काढू नको."

"बरं," ताई म्हणाली.

सुनावणी वाचनालयाच्या सभागृहात होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या, बाजूला चार सदस्य, कोपऱ्यात लघुलेखक. ताईच्या आधी एक सुतार बोलायला उभा राहिला. त्यानं कागद आणला नव्हता. "माझा मुलगा सतराव्या वर्षी ओढायला लागला," तो म्हणाला. "आज सत्तावीसचा आहे आणि भिंतीशी बोलतो. डॉक्टर म्हणतात, कदाचित तसंही झालं असतं. असेल. पण हे दुकानात ठेवलं, की बारीकसारीक पोरांना ते खोकल्याच्या औषधासारखं वाटणार. एकवीस वर्षं वगैरे तुम्ही कागदावर लिहाल. माझ्या घरात तो कागद वाचायला कोण होतं?" तो बसला.

ताईचं भाषण चांगलं झालं. सुताराला उत्तर देता येईल असं तिच्या चार पानांत काही नव्हतं आणि तिनं तसं सरळ सांगितलं. फक्त म्हणाली, की त्याच्या मुलाला ज्यानं विकलं त्यानं वय विचारलं नव्हतं, मी विचारीन. सदस्यांनी कुलपांबद्दल, नोंदींबद्दल, मापाबद्दल विचारलं. मग अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"नवव्या कलमाला आपल्या संघटनेचा पाठिंबा आहे. आपलं त्याहून वेगळं काही म्हणणं?"

नाही म्हटलं असतं तर संपलं असतं.

"आहे," ताई म्हणाली. "माझ्या दुकानात एक माणूस वीस वर्षं काम करतोय. एकतीस वर्षांपूर्वी एका डबीपायी त्याला अठरा महिने झाले. या कलमानं त्याला माझ्या दुकानातून जावं लागेल आणि परवाना मला मिळेल. ती डबी त्याची नव्हती. माझी होती. तो माझा भाऊ आहे."

लघुलेखकाचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला. एका सदस्यानं विचारलं, "आपण हे तेव्हा सांगितलं का नाही?"

"परीक्षा नऊ दिवसांवर होती."

इतकी वर्षं मनात हे कारण डोंगराएवढं होतं. मोठ्यानं बोलल्यावर ते एवढंसं झालं. अध्यक्षबाईंनी हे नोंदवायचं आहे ना, असं दोनदा विचारलं. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. बाहेर पडताना तिला हलकं वाटत होतं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा, खरोखर हलकं.

ती दुकानाशी पोचली तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि बारक्या किल्ल्या हातात घेऊन पायरीवर बसला होता. सुनावणी मोबाईलवर दाखवत होते. न्हाव्यानं ती बघता बघता गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून धावत येऊन त्याला दाखवली होती.

"तुला सांगितलं होतं, माझं काढू नको," तो म्हणाला.

"मला राहवलं नाही रे. तुझ्यावर अन्याय—"

"माझ्यावर काय झालंय ते मला माहीत आहे." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच ताईला भीती वाटली. "बायकोला मी लग्नाआधी सांगितलं होतं, माझ्या हातनं चूक झाली होती. पोरगा बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यालाही सांगितलं. म्हटलं, बाबा चुकला, शिक्षा भोगली, सुधारला. त्यानं कधी वाकडं पाऊल टाकायचा विचार केला असेल, तर मला आठवून मागे घेतला असेल. एकतीस वर्षं ती चूक मी माझी म्हणून सांभाळली, ताई. त्याच्यावर मी उभा राहिलो. आता तू चार लोकांत सांगितलंस की ती माझी नव्हतीच. मग मी कोण झालो? बावळट? आणि घरात खोटं बोलणारा?"

ताई त्याच्याशेजारी पायरीवर बसायला गेली, पण तो सरकला नाही.

"तेव्हा मी आपण होऊन घेतलं होतं," तो म्हणाला. "आज तू न विचारता काढून घेतलंस. मला साधं विचारायचं तरी."

त्यानं किल्ल्या तिच्या हातात ठेवल्या आणि तो सायकल न घेता चालत गेला.

संघटनेनं दोन दिवसांत ताईचं सभासदत्व काढून घेतलं. नोंदणी मंडळाकडून खुलासा मागवणारं पत्र आलं. पुढे त्यातून काही निष्पन्न झालं नाही, गोष्ट फार जुनी होती. काही गिऱ्हाइकं तुटली. बसचा ड्रायव्हर दुसऱ्या दुकानात जायला लागला. ताईला यातलं काहीच फारसं लागलं नाही. तिला लागली ती दुपार. दुपारी ती दुकान बंद करायची आणि बारक्याची वही घेऊन घरोघरी फिरायची. सायकल तिला उंच पडायची, म्हणून पायी. पहिल्याच दिवशी तिनं टायपिंगच्या बाईंची बेल दुसऱ्यांदा वाजवली, आणि आतून काहीतरी आदळल्याचा आवाज आला. बाई पडल्या नव्हत्या, खुर्ची पडली होती. ताईनं आत जाऊन ती उभी केली.

"बारक्या कुठाय?" बाईंनी विचारलं. साठातल्या जवळजवळ प्रत्येक घरात हाच प्रश्न आला. कायद्याबद्दल किंवा डबीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाराव्या दिवशी बारक्या आला. मागच्या दारातून नाही, गिऱ्हाइकासारखा पुढून आला.

"पोरगा माझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "मी सांगितलेलं त्याला पटत नाही. तू घरी ये आणि तुझ्या तोंडानं सांग. सगळं, पहिल्यापासून."

ताई त्याच संध्याकाळी गेली. पोरगा चोवीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता. तो दाराशेजारी स्टुलावर बसला आणि आत्याकडे न बघता ऐकत राहिला. भावजय भिंतीला टेकून उभी होती. ताईनं डबी सांगितली, कप सांगितला, नऊ दिवस सांगितले. नवऱ्याला लग्नाआधी काय सांगितलं होतं तेही सांगितलं. त्यावर भावजयीनं मान वळवली.

पोरानं मग बापाकडे बघितलं. "पण तुम्ही 'माझी' म्हणालात का? आत्याला वाचवायला?"

बारक्यानं मिशीवरून हात फिरवला. "असं कुणी ठरवून करतं का रे? मला वाटलं, दोन थपडा मारून सोडतील. ताईला मारलेलं बघवलं नसतं, एवढंच."

"आणि अठरा महिने होणार हे माहीत असतं तर?"

"तर काय केलं असतं, ते मला कधी कळलंच नाही," बारक्या म्हणाला. "पुष्कळ विचार केला आत असताना. नाही कळलं."

पोराच्या खांद्यांना हिसका बसला आणि ताईच्या लक्षात आलं, की तो हसतोय. "दोन थपडा," तो म्हणाला. "काय हो बाबा." भावजयीलाही हसू आलं, पण तिनं ते ताईपर्यंत येऊ दिलं नाही, आणि पाणी आणायला ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढचं वर्षभर ती ताईशी कामापुरतंच बोलली.

बारक्या दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला लागला. कायदा चार महिन्यांनी झाला. नववं कलम राहिलं, पण सौम्य होऊन: शिक्षा संपून दहा वर्षं झालेल्यांना आणि थोड्या मालासाठी पकडलेल्यांना त्यातून वगळलं होतं. ताईच्या बोलण्यानं ते झालं की तसंही होणार होतं, हे कुणी सांगितलं नाही. आत असलेल्यांचं काय करायचं, ते "यथावकाश" ठरणार होतं.

परवान्याचा अर्ज आला, त्या दिवशी ताई तो घेऊन मागच्या खोलीत गेली. "भरायचा का?"

"मला काय विचारतेस? दुकान तुझं."

"विचारतेय."

बारक्यानं अर्ज उलटसुलट करून बघितला. "विचार करून सांगतो," तो म्हणाला, आणि त्यानं चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी सांगितलं, "आत्ता नको. आतल्यांचा निकाल लागू दे."

ताईला ते पटलं नाही. ती म्हणाली, की त्यानं आतल्यांना काही मिळणार नाही आणि टायपिंगच्या बाईंचे पाय मात्र रोज आखडतात. दोघं तासभर वाद घालत राहिली. ताई सुताराच्या मुलाला वय न विचारता विकल्याचं मध्ये आणायची, बारक्या आपल्याबरोबर आत असलेल्या त्या दोघांचं, आणि कुणाचंच म्हणणं दुसऱ्याला पुरतं खोडता येईना. शेवटी ताईनं अर्ज खणात ठेवला.

आतल्यांच्या सुटकेचा आदेश निघायला आणखी आठ महिने लागले. तोवर परवाना मिळालेलं सगळ्यात जवळचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दर पंधरा दिवसांनी बारक्या रिक्षा ठरवायचा, टायपिंगच्या बाईंना हात धरून बसवायचा आणि तिथे घेऊन जायचा. काउंटरवर त्या ओळखपत्र काढून पुढे ठेवायच्या आणि बारक्या बाहेर फुटपाथवर उभा राहून त्यांची वाट बघायचा. एकदा बाईंनी त्याला विचारलं, आत का येत नाहीस.

"मला त्या वासानं ठसका लागतो," बारक्या म्हणाला.